शिबिराला जायचं नाहीये, पण जावं लागतंय : एकट्यात रमणाऱ्यांसाठी

फॉर्म भरून झालाय. पैसेही भरून झालेत. आणि तुला विचारलं गेलं ते त्यानंतर. "सुट्टीभर खोलीत बसून काय करणार?", "चार मुलांत मिसळायला नको का?" ही वाक्यं घरात किमान दोनदा तरी बोलली गेली असतील. कुणीतरी हसत हसत 'एकलकोंडा' हा शब्दही वापरला असेल.

त्या रागाची समजूत घालायला मी बसलेली नाही. शिबिराने स्वभाव पालटतो असंही सांगणार नाही. माझा पालटला नाही. अनोळखी तीस-चाळीस मुलांमध्ये सात-दहा दिवस काढायचे आहेत, ते कमी त्रासात आणि जमलं तर थोडे बरे कसे काढायचे, तेवढंच सांगते.

मी तेरा वर्षांची असताना मला असंच दहा दिवसांच्या निवासी शिबिराला धाडलं होतं. तिसऱ्या दिवशी दुपारी, गटाचे खेळ चालू असताना, मी पुस्तक घेऊन बाथरूममध्ये कडी लावून बसले. पाऊण तासाने बाहेर आले तर सगळं शिबीर मला शोधत होतं. दोघं जण तळ्यापर्यंत जाऊन आले होते. त्यानंतरचे सात दिवस मला एक मिनिट एकटीला सोडलं नाही. पाणी प्यायला उठले तरी कुणीतरी मागे. पुढे मोठी झाल्यावर मी अशाच शिबिरांत ताई म्हणून काम केलं, मुलं मोजली, रात्री फेऱ्या मारल्या, तेव्हा दुसरी बाजू दिसली. न सांगता गायब झालेलं मूल ही ताई-दादांची सगळ्यात मोठी धास्ती असते. पण "मी अर्धा तास त्या झाडाखाली बसते" असं सांगणाऱ्या मुलीला कुणी अडवल्याचं मला आठवत नाही. एकांत चोरला की तो महाग पडतो. मागितला तर बहुतेक वेळा मिळतो. खालचं बरंचसं या एका गोष्टीभोवतीच फिरतं.

आधी हे तपास: दमणं की घाबरणं?

'अंतर्मुख' आणि 'बहिर्मुख' या कल्पना कार्ल युंग या मानसशास्त्रज्ञाच्या 1921 सालच्या लिखाणातून जगभर पसरल्या. तेव्हापासून गप्प बसणाऱ्या प्रत्येकाला एकाच टोपलीत टाकायची सवय लागली आहे. पण त्यात निदान दोन वेगळे प्रकार आहेत, आणि दोघांचे उपाय वेगळे आहेत.

आवडत्या माणसांसोबत अख्खा दिवस मजेत गेला तरी संध्याकाळी डोकं जड होतं, दार लावून बसावंसं वाटतं? मग तुला माणसं दमवतात. याउलट मनातून सगळ्यांत जावंसं वाटतं, पण काय बोलायचं, हसतील का, या विचाराने तळहाताला घाम फुटतो? मग तुला माणसांची भीती वाटते. काहींच्या वाट्याला दोन्ही येतं. माझ्या आलं होतं.

दमणाऱ्याने दिवसात विश्रांतीच्या फटी शोधायच्या. घाबरणाऱ्याने मात्र त्या फटींतच दडून राहायचं नाही, कारण जितकं टाळाल तितकी भीती फुगते. त्याला हवं हातात काहीतरी काम आणि तोंडात तयार असलेली दोन-तीन वाक्यं. त्याविषयी पुढे.

निघायच्या पंधरा दिवस आधी

क्रिस्टोफर थर्बर हे मानसशास्त्रज्ञ आणि एडवर्ड वॉल्टन हे बालरोगतज्ज्ञ, या दोघांनी घरच्या आठवणीने होणाऱ्या त्रासावर अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेसाठी 2007 साली एक अहवाल लिहिला. त्यातला एक मुद्दा मला फार उपयोगी वाटतो: ज्या मुलाला वाटतं की आपल्या हातात काहीच नव्हतं, त्याला घरची आठवण जास्त छळते. जायचं की नाही हे तुझ्या हातातून गेलं असेल, तर कसं जायचं ते तरी हातात घे. घरच्यांसमोर बस आणि स्पष्ट सांग, "मी जाईन, पण या गोष्टी मी ठरवणार." कुठले उपक्रम निवडायचे, सोबत काय न्यायचं, न्यायला कोण येणार, कधी येणार. ऐकायला क्षुल्लक वाटतं, पण आत कुठेतरी फरक पडतो.

दुसरं, सराव. आईबाबांशिवाय दोन-तीन रात्री ओळखीच्या कुणाच्या घरी राहून बघ. त्या दिवसांत घरी फोन करायचा नाही, फार तर एक पत्र लिहायचं. कुठल्या वेळी पोटात गोळा येतो ते तुला तिथेच कळेल. काहींना अंधार पडताना येतो, काहींना सकाळी डोळे उघडल्या उघडल्या. ती वेळ माहीत असली की शिबिरात ती अंगावर येत नाही.

तिसरं, आणि हे घरच्यांना वाचायला दे. "नाही आवडलं तर एक फोन कर, लगेच न्यायला येतो" हे आश्वासन देऊ नका. मायेपोटी दिलं जातं, मान्य. पण मुलाला त्यातून ऐकू येतं ते एवढंच की, तुला हे झेपेल असं आम्हालाही वाटत नाही. मग पहिल्या रात्रीपासून त्याचं सगळं लक्ष त्या एका फोनवर लागतं. त्यापेक्षा "वाईट वाटलं तर तिथे अमक्या ताईंशी बोल, आम्ही त्यांच्याशी बोलून ठेवलंय" असं सांगा, आणि खरंच बोलून ठेवा. निघताना दारात डोळे पुसत उभं राहू नये हेही आलंच.

चौथं म्हणजे आयोजकांना विचारायचे प्रश्न. रोजचं वेळापत्रक कसं आहे, त्यात मोकळा वेळ कधी. एका खोलीत किती जण. बाथरूमला आतून कडी आहे का (हसू नकोस, हा प्रश्न मी आजही विचारते). प्रत्येक उपक्रम सक्तीचा आहे का. फोन जवळ ठेवता येतो की जमा करावा लागतो. अडचण आली तर नेमकं कुणाला गाठायचं.

फॉर्मवर 'इतर काही सांगायचं असल्यास' अशी एक ओळ बहुतेक वेळा असते आणि बहुतेक पालक ती कोरी सोडतात. तिथे लिहून घे: "रोज अर्धा तास एकट्याने शांत बसायची गरज असते, कृपया परवानगी द्यावी." ॲलर्जी जितक्या सरळपणे लिहितात तितक्याच सरळपणे. कागदावर आधीच असलेली गोष्ट मागताना लाज वाटत नाही. झोपेत चालणं, अंथरूण ओलं होणं, नेहमीची औषधं हेही तिथेच लिहायचं. ताई-दादांना अशा गोष्टी नव्या नसतात. रात्री दोन वाजता अचानक कळण्यापेक्षा आधी कळलेल्या त्यांनाही बऱ्या.

सॅकमध्ये काय

सामानाची यादी शिबिराकडून येईल, ती पाळ. तिच्यात नसतं ते सांगते.

एक आधी वाचलेलं पुस्तक. नवं नको. दमलेल्या, भिरभिरलेल्या डोक्यात नवी माणसं शिरत नाहीत. ओळखीची पानं मात्र घरच्यासारखी वाटतात. कानात घालायचे बोळे, कारण खोलीत घोरणारं कुणीतरी निघतंच. तुझ्या रोजच्या उशीचा अभ्रा, न धुतलेला. घरचा वास त्यात असतो आणि तो कुणाला दिसत नाही. छोटा टॉर्च. एक वही, कुणाला न दाखवायची. आणि पत्त्यांचा जोड, तुला खेळायला आवडत नसेल तरी. तो काढून एकट्याने मांडत बसलं की कुणीतरी आपणहून समोर येऊन बसतं आणि बोलण्याचा पहिला विषय टेबलावर तयार असतो.

बूट नवे नेऊ नकोस. न्यायचेच असतील तर आधी दोन आठवडे घालून रुळव. टाचेला फोड आलेल्या मुलाला पहिल्याच चढावर सगळे वळून बघतात, आणि तेच तर आपल्याला नको असतं.

मुलींनी पॅड सोबत ठेवावेत, तारीख लांब असली तरी. जागा बदलली, दगदग झाली की पाळी कधी कधी लवकर येते, कधी पहिल्यांदाच येते. संपले तर कुठल्याही ताईला हळूच सांग. जवळजवळ प्रत्येकीच्या पिशवीत जादाचे असतात.

पहिला तास

सगळ्या शिबिरातला सर्वांत वाईट तास हाच. घरचे निघून गेलेत, सामान हातात आहे, बसायचं कुठे ते ठाऊक नाही, आणि बाकी सगळे एकमेकांना ओळखतात असं वाटतंय. तसं नसतं. जे हसतखिदळत असतात त्यातले बरेचसे एकाच शाळेतून किंवा एकाच गाडीतून आलेले असतात, एवढंच.

पोहोचायचं ते थोडं लवकर. उशिरा गेलं की भरलेल्या खोलीत शिरावं लागतं आणि सगळ्या माना वळतात. लवकर गेल्यावर खोलीत दोघं-तिघंच असतात, नंतरचे त्यांच्यात येत जातात, आणि नकळत तूच जुना होतोस किंवा जुनी होतेस.

पलंग भिंतीकडचा, कोपऱ्यातला घे. दाराजवळचा नको, तिथे रात्रभर ये-जा आणि उजेड. दुमजली पलंग असेल तर माझं मत खालच्या बाजूने आहे. वरच्या मजल्यावर खासगीपण जास्त, खरं आहे, पण तिथून कुणाच्या लक्षात न येता उतरता येत नाही, आणि खाली चादर लटकवून आडोसाही करता येतो.

मग ओळखीचे खेळ. नाव सांगा, आवड सांगा, नावाच्या पहिल्या अक्षरावरून विशेषण जोडा. मला आजही हे खेळ आवडत नाहीत, आणि ताई असताना ते मलाच घ्यावे लागायचे. सुटका नाही, तेव्हा घरूनच एक वाक्य बांधून ने. नाव, आणि दुसऱ्याला प्रश्न विचारता येईल अशी एक गोष्ट. "मला वाचायला आवडतं" म्हटल्यावर समोरचा "अच्छा" म्हणून पुढे जातो. "मी घरी गोगलगायी पाळल्यात" म्हटलं की जेवताना कुणीतरी विचारतंच, त्या खातात काय?

"तू एवढी गप्प का?", "तू एवढा शांत का?" हा प्रश्नही येणार. रोज येईल. खुलासा करत बसू नकोस. "मी आधी ऐकतो, मग बोलतो" किंवा "मला रुळायला वेळ लागतो" एवढं म्हण आणि लगेच उलट काहीतरी विचार. विचारणाऱ्याला बहुतेक वेळा उत्तर नकोच असतं, त्यालाही शांतता सहन होत नसते.

पहिली रात्र

झोप लागणार नाही. लागली तर उत्तम, पण नाही लागली तर घाबरू नकोस. नव्या जागी पहिल्या रात्री झोप नीट लागत नाही हे झोपेच्या अभ्यासकांना 1960 च्या दशकापासून माहीत आहे. 2016 साली ब्राउन विद्यापीठातल्या संशोधकांना त्यात एक गंमत सापडली: अशा रात्री गाढ झोपेत मेंदूचा एक अर्धा भाग दुसऱ्यापेक्षा सावध राहतो आणि बारीकशा आवाजालाही चटकन दाद देतो. पहाऱ्यावर बसल्यासारखा. म्हणजे तू नाजूक नाहीस, तुझा मेंदू रखवाली करतोय. दुसऱ्या वेळी झोपवून पाहिलं तेव्हा त्याच माणसांमध्ये हा फरक उरला नव्हता. पहिल्या रात्रीवरून पुढच्या नऊ रात्रींचा हिशोब मांडू नकोस.

तुझ्या वयाला आठ ते दहा तास झोप लागते, आणि याच वयात शरीराचं घड्याळ पुढे सरकतं: रात्री लवकर डोळा लागत नाही, सकाळी उघडत नाही. त्यात सकाळी सहाची शिट्टी. तिसऱ्या दिवशी सगळं जग वैरी वाटायला लागलं तर आधी झोप मोज. त्या दुपारी मोकळ्या वेळात सरळ आडवं हो. तिसऱ्या दिवशीची कितीतरी रडारड मी वीस मिनिटांच्या डुलकीने थांबलेली पाहिली आहे.

आणि आठवण. ती येतेच, कुणी कबूल करो वा न करो. 1688 साली योहानेस होफर नावाच्या तरुण वैद्याने घरापासून दूर राहणाऱ्या स्विस लोकांच्या या दुखण्यावर प्रबंध लिहिला आणि त्यासाठी 'नॉस्टॅल्जिया' हा शब्द घडवला. आज आपण जुनी गाणी ऐकताना वापरतो तो हा शब्द तेव्हा एका आजाराचं नाव होता. परमुलखात लढणारे धडधाकट सैनिकसुद्धा या आजाराने खंगतात असं मानत. तेव्हा अभ्र्यात तोंड खुपसून दोन आसवं गाळलीस तर ती फार मोठ्या माणसांच्या पंगतीतली आहेत.

आठवण रिकाम्या वेळी येते. दिवे गेल्यावर, जेवताना, दुपारच्या विश्रांतीत. त्या वेळांसाठी काहीतरी ठरवून ठेव. वहीत तीन ओळी, पुस्तकाची चार पानं, घरी पत्र. फोनपेक्षा पत्र बरं, हे मी अनुभवाने सांगते. आईचा आवाज ऐकला की धरून ठेवलेलं सगळं सुटतं आणि पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करावी लागते. पत्रात मात्र रागही लिहिता येतो, आणि लिहून होईपर्यंत तो थोडा उतरलेला असतो.

ताट हातात घेऊन

जेवणघराविषयी शिबिराच्या माहितीपत्रकात एक ओळ नसते, आणि एकट्या मुलाचा सगळ्यात मोठा प्रश्न तोच असतो. हातात भरलेलं ताट, समोर भरलेली टेबलं, आणि कुठे बसायचं ते कळत नाही.

रांगेत सगळ्यात शेवटी उभं राहू नकोस. लाजणारी मुलं हमखास हेच करतात आणि मग त्यांना जागा शोधत फिरावं लागतं. पहिल्या दहा-पंधरा जणांत राहा. टेबलं रिकामी असतील, तू टोकाला बस, आणि इतरांना तुझ्या शेजारी येऊ दे. कुणाकडे जाण्यापेक्षा कुणी आपल्याकडे येणं सोपं. टोकाच्या जागेवर एकाच बाजूला शेजारी असतो हाही फायदा.

भरलेल्या टेबलाकडे जावंच लागलं तर "इथे कुणी आहे का?" एवढं विचारायचं आणि बसायचं. जेवताना बोललंच पाहिजे असं नाही. पाण्याचा जग पुढे सरकव. तेवढ्यानेही माणसं तुला आपल्यात धरतात.

आणि सगळे आपल्याकडेच बघतायत असं वाटेल. अमेरिकेत थॉमस गिलोविच आणि सहकाऱ्यांनी 2000 साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात एकेका विद्यार्थ्याला लाजिरवाणा वाटेल असा, एका गायकाचा चेहरा छापलेला टी-शर्ट घालायला लावून मुलांनी भरलेल्या खोलीत पाठवलं. नंतर विचारलं, किती जणांच्या लक्षात आलं असेल? घालणाऱ्यांचा अंदाज साधारण निम्म्यांचा. प्रत्यक्षात पाव जणांच्याही नीटसं लक्षात आलं नव्हतं. बाकीचे आपापल्या टी-शर्टची काळजी करत असावेत, असं माझं आपलं मत.

दुसऱ्या दिवसापासून: काम मागून घे

घाबरणाऱ्यांसाठी सगळ्यात कामाचा भाग हा.

मैत्री शोधायला जाऊ नकोस. काम शोध. साहित्याच्या खोलीची किल्ली कुणाकडे असते? दोऱ्या गुंडाळून कोण ठेवतं? गुण कोण लिहितं, शेकोटीची लाकडं कोण रचतं, फोटो कोण काढतं? ताईकडे किंवा दादाकडे जाऊन म्हण, "मला काहीतरी काम द्या ना." ते आनंदाने देतील, कारण शिबिरात कामाला हात कायम कमी पडतात.

काम असलं की तुला कुठे उभं राहायचं हा प्रश्न सुटतो. लोक नावाने हाक मारायला लागतात, "अगं, दोरी कुठाय?" म्हणून. आणि शेजारी शेजारी बसून हात चालू असले की बोलणं सोपं जातं. समोरासमोर बसून डोळ्यांत बघत बोलण्यापेक्षा कितीतरी सोपं. गाठ सुटत नाहीये, जरा धर, एवढ्यावरून सुरू झालेली माझी एक मैत्री पंचवीस वर्षं टिकली आहे. ती त्या शिबिरातली दुसरी गप्प मुलगी होती. प्रत्येक शिबिरात दुसरं गप्प मूल असतंच. तेही कुठल्या तरी टोकाला बसून पाण्याचा जग सरकवत असतं.

कामाने माणसं जोडली जातात हे एका शिबिरातच तपासून झालंय, जरा दांडगाईने. 1954 साली मुझफ्फर शरीफ या मानसशास्त्रज्ञाने अमेरिकेत ओक्लाहोमा राज्यात अकरा-बारा वर्षांच्या 22 मुलांचं उन्हाळी शिबीर भरवलं. मुलांना ठाऊक नव्हतं की तो प्रयोग आहे. दोन गट पाडले, बक्षिसं लावून स्पर्धा घेतल्या, आणि काही दिवसांत दोन्ही गट एकमेकांचे झेंडे जाळण्यापर्यंत गेले. नुसतं एकत्र जेवायला बसवून काही सुधारलं नाही. मग पाण्याची वाट बंद पाडली, जेवण आणायची गाडी 'बिघडली', आणि सगळ्यांनी मिळूनच सोडवता येईल अशी संकटं उभी केली. गाडी ओढायला दोन्ही गटांनी एकच दोर धरला, तसं वैर निवळू लागलं. आज असा प्रयोग मुलांवर करू देणार नाहीत, आणि ते योग्यच आहे.

त्यातून स्पर्धांविषयीही एक शहाणपण मिळतं. तुमचा गट आणि आमचा गट करत घोषणा देणं तुला कृत्रिम वाटत असेल, तर वाटू दे, ते असतंच कृत्रिम. पण त्या वेळी तोंड वाकडं करून बाजूला उभं राहिलं तर गट ते विसरत नाही. गुण मोजायचं काम घे. गटात राहशील आणि ओरडावंही लागणार नाही.

आता थोडं गणित. कॅन्सस विद्यापीठातल्या जेफ्री हॉल यांनी 2018 साली मोठ्या माणसांवर आणि कॉलेजच्या विद्यार्थ्यांवर केलेला अभ्यास मांडला: नुसत्या ओळखीची साधी मैत्री व्हायला साधारण 50 तास एकत्र घालवावे लागतात, खरी मैत्री व्हायला 90, आणि जवळच्या मैत्रीला 200 च्या वर. शिबिरात जागेपणीचे दिवसाला चौदा-पंधरा तास. म्हणजे चौथ्या दिवसाच्या आधी कुणी मित्र वाटत नसेल तर त्यात तुझं काही चुकलेलं नाही, तास भरलेले नाहीत. आणि आठवडाभराच्या शिबिरात जिवाभावाचं कुणी मिळालं नाही तर तोही हिशोबच आहे.

एकांत कसा मागायचा

वेळ, जागा आणि परत येण्याची खूण, तिन्ही सांगायच्या. "ताई, चहाच्या सुट्टीनंतर मी अर्धा तास त्या पायरीवर वाचत बसते. शिट्टी झाली की येते." आणि शिट्टी झाली की खरंच जायचं. पहिले दोन दिवस मिनिटावर हजर राहिलं की तिसऱ्या दिवसापासून नुसती मान हलवली तरी चालतं.

जागा अशी निवड की लोकांना तू दिसशील पण त्यांचा पाय तिथे पडणार नाही. पायरी, झाडाचा बुंधा, व्हरांड्याचं टोक. बाथरूम नको, बंद खोली नको, पाण्याजवळ तर अजिबात नको.

वेळ निवडताना जरा धूर्तपणा कर. सगळ्यांचा लाडका कार्यक्रम चालू असताना निघालास किंवा निघालीस तर 'रुसलंय' असा अर्थ निघतो. अंघोळीच्या रांगा लागलेल्या असताना, दोन उपक्रमांच्या मधल्या गोंधळात, सकाळी शिट्टीच्या वीस मिनिटं आधी कुणालाच काही वाटत नाही. सकाळची ती वीस मिनिटं मला सगळ्यात आवडायची. अख्खं मैदान रिकामं. अंघोळही तेव्हाच उरकली तर रांग नाही आणि सगळ्यांदेखत टॉवेल सांभाळायची कसरतही नाही.

शेवटच्या रात्रीच्या कार्यक्रमात नाचायचं, गायचं नसेल तर नकार आदल्या दिवशी दे, ऐनवेळी नको, आणि नकारासोबत काहीतरी देऊ कर: "मी स्टेजवर येणार नाही, पण टॉर्च मारेन, पडदा सांभाळेन, मागून वाक्यं सांगेन."

सहन करायचं नाही ते

एकटं वाटणं वेगळं आणि असुरक्षित वाटणं वेगळं. वर लिहिलेलं सगळं पहिल्यासाठी आहे.

कुणी मुद्दाम सामान लपवतंय, रोज एकाच मुलाची टर उडवतंय, कपडे बदलताना फोटो काढतंय, नको तिथे हात लावतंय, किंवा कुणी मोठं माणूस "हे आपल्या दोघांतच" म्हणतंय, तर लगेच सांग. एका मोठ्याला सांगून काही झालं नाही तर दुसऱ्याला, आणि घरीही. अशा वेळी फोन जमा असला तरी मागायचा. ते चुगली करणं नाही. ताई म्हणून सांगते, आम्हाला सगळं दिसत नाही.

दोन-तीन दिवस घास घशाखाली उतरत नसेल, सलग रात्री झोप नसेल, ताप असेल, स्वतःला इजा करावी असे विचार येत असतील, तर घरी जायचंय असं सांगण्यात काहीही कमीपणा नाही. मध्येच परत गेलेली मुलं मी पाहिली आहेत. काही पुढच्या वर्षी आली, काही नाही आली, आणि दोन्ही ठीकच होती.

परत आल्यावर

शेवटच्या दिवशी बरीच मुलं रडतील. तुला रडू आलं नाही तर आणू नकोस. आलं तर मात्र चकित होशील. मी झाले होते. ज्यांच्याशी पुढे बोलावंसं वाटतं अशा एकाचा किंवा दोघांचा नंबर घे. चाळीस जणांच्या ग्रुपमध्ये नाव घातलं जाईलच, तो खुशाल म्यूट कर.

गाडीत बसल्या बसल्या विचारतील, "मग, मजा आली का?" 'हो' म्हटलं तर "बघ, आम्ही म्हणत होतो", 'नाही' म्हटलं तर चेहरे पडतात. एक गोष्ट तयार ठेव, खरी आणि छोटी. ती दोरीची गाठ, तो घोरणारा, ते रिकामं मैदान. तेवढी सांगितली की बाकीचं उद्यावर ढकलता येतं. "आता दमलोय, उद्या बोलू" हेही वाक्य चालतं, आणि तू खरंच दमलेला किंवा दमलेली असशील. एक-दोन दिवस नुसतं झोपावंसं, चिडचिडावंसं वाटेल. इतके दिवस माणसांत राहिल्यावर तेवढं होणारच.

खोलीचं दार लाव. पण त्याआधी सॅक उघड; ओला टॉवेल तळाशी असतो.